पंचवीस मिनिटांवरचं यामेंग

विमानात चढण्याआधी त्या माणसाने पायातले रबरी बूट काढले आणि हातात धरले.

"घालून बसलं तरी चालतं," मी म्हणालो.

त्याने नुसती मान हलवली. मग त्याच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. घोट्यांपासून खाली जळवांच्या चाव्यांचे काळे डाग होते, बोटांच्या बेचक्या फाटून पांढऱ्या पडल्या होत्या. मला वाटलं होतं, माणूस पहिल्यांदाच विमानात बसतोय म्हणून आदराने बूट काढतोय. तसं काही नव्हतं. त्याला ते पायात सहन होत नव्हते.

त्याची बायको आधीच आत होती. दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली, वरून निळी ताडपत्री, आणि ती वेताच्या पट्ट्यांनी तीन ठिकाणी बांधलेली. तिला आडवं ठेवता यावं म्हणून कॅप्टन लिंगडोहसरांनी मागच्या खुर्च्या काढायला लावल्या होत्या. मिठाची आणि तांदळाची पोती उतरवली होती. माल चढवणारा मुकादम कुरकुरला, की वरच्या गावात मीठ संपत आलंय. सर त्याला म्हणाले, "मीठ उद्या नेऊ. ही उद्यापर्यंत थांबणार नाही."

ही अरुणाचलातली गोष्ट. आता त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. गावांची नावं मी बदलून सांगतो आहे, नकाशात शोधलीत तर सापडायची नाहीत. खाली मैदानात होतं ते पाथारगुडी. तिथे एक छोटी धावपट्टी, पत्र्याची शेड आणि मैलभर अंतरावर दवाखाना. आणि डोंगरांच्या पलीकडे, देशाच्या अगदी टोकाच्या खोऱ्यात, यामेंग. तिथे गवताची धावपट्टी. दोन्हींच्या मध्ये रस्ता नव्हता. नकाशावर पट्टी ठेवली तर सव्वाशे किलोमीटर. आमचं एका इंजिनाचं छोटं विमान ते पंचवीस मिनिटांत कापायचं. पायी सात दिवस लागत.

मी बार्शीचा. सव्वीस वर्षांचा होतो. विमान चालवण्याचा परवाना हातात होता पण मोठ्या कंपन्यांत जागा नव्हती, म्हणून इथे सहवैमानिक म्हणून आलो होतो. वर्षभर उड्डाणाचे तास जमवायचे आणि निघायचं, असा माझा बेत होता.

"किती वेळ लागेल?" पट्टा बांधून घेताना त्या माणसाने विचारलं. सैन्याचं सामान वाहून वाहून त्याला हिंदी येत होतं.

मी सरांकडे पाहिलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं होतं, "मोहोळकर, यामेंगच्या माणसाला वेळ सांगायची नाही. तो रस्ता त्यांना पायांनी माहीत असतो. तू पंचवीस मिनिटं म्हणालास की त्यांना वाटतं, आपण त्यांची थट्टा करतोय."

"पोचू आपण," मी त्याला म्हणालो. "तुमचं नाव?"

"फूसा."

"बरोबर कोणी नाही?"

"धाकटा भाऊ आहे. दवाखान्यात. त्याच्या पायात बांबूचा खुंट गेलाय." मग तो म्हणाला, "आम्ही दोघांनी तिला आणली. खुर्ची केली होती बांबूची. पाठीवर घ्यायची."

सरांनी इंजिन चालू केलं. पंखा फिरायला लागल्यावर फूसाने डोळे मिटून घेतले आणि एक हात मागे नेऊन ताडपत्रीवर ठेवला.

आकाश त्या दिवशी इतकं स्वच्छ होतं, की पाहून संताप यावा. त्याआधीचे जवळजवळ तीन आठवडे खिंड ढगांनी बुजलेली होती. त्या अवधीत आम्ही यामेंगला एकदाच पोचू शकलो होतो. बाकी रोज सकाळी विमान पुसायचं, वाट पाहायची आणि दुपारी शेडमध्ये पत्ते कुटायचे.

चहाचे मळे मागे पडले, नदी खाली गेली, आणि जंगल सुरू झालं. सरांनी मागे वळून पाहिलं. फूसाने पट्टा सोडला होता आणि तो जमिनीवर, ताडपत्रीला टेकून बसला होता.

"जा, मागे बस त्याच्याजवळ," सर म्हणाले. "हवा शांत आहे, मी नेतो. त्याला एकटं नको."

मी मागे गेलो. त्याला परत खुर्चीत बसवायला बघितलं तर त्याने माझं मनगट धरून मलाच खाली बसवलं. खिडकी आमच्या खांद्याशी होती. तो काचेला कपाळ लावून खाली पाहत होता. नुसतं जंगल होतं, हिरव्या घोंगडीसारखं सलग, आणि मध्ये कुठे नदीची पांढरी रेघ.

"तो खडक," तो एकदम म्हणाला.

मला खडक दिसला नाही.

"तिथं ती बोलायची थांबली. त्यानंतर बोललीच नाही. दवाखान्यातसुद्धा नाही."

विमानाच्या आवाजात त्याचं बोलणं ऐकायला मला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागत होता. मी म्हणालो, "नका बघू खाली."

पण तो बघतच राहिला. एक डोंगर ओलांडला. पलीकडे नदीला एक वळण होतं, वाळूचा छोटासा पट्टा होता.

"इथं झोपलो होतो. रात्रभर पाणी मागत होती. पाणी पोटात राहत नव्हतं." मग पुढच्या वळणाशी, "इथं तिने भात खाल्ला. दोन घास. मला वाटलं, उतार पडला."

मी सरांच्या पाठीकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

"या चढावर भाऊ दमून बसला. तर ही पाठीवरच्या खुर्चीतून त्याला चिडवायला लागली. लग्नात नवऱ्याकडच्यांना चिडवायचं एक गाणं असतं आमच्याकडे, ते म्हणायला लागली. आवाज निघत नव्हता, तरी."

तो हसला. खरोखर हसला. आणि काय चाललंय ते मला तेव्हा कळलं. ते लोक ज्या वाटेने खाली आले त्याच वाटेने आम्ही उलटे वर चाललो होतो. एकेक डोंगर मागे पडत होता आणि आमच्या पाठीशी बांधून ठेवलेली ती बाई बरी होत चालली होती. आधी मुकी होती. मग पाणी मागत होती. मग जेवली. आता गात होती. मला मागे वळून ताडपत्रीकडे बघायची छाती होईना. खुळ्यासारखं वाटत होतं, की असंच जात राहिलो तर पोचेपर्यंत ती उठून बसेल.

"काय नाव होतं?" मी विचारलं.

"आचा."

विमान खिंडीत शिरलं. दोन्ही बाजूंना काळे कडे आणि तळाशी नदी. इथे हवा कायम धक्के देते. मी एका हाताने खुर्चीचा पाय धरला, फूसाने दोन्ही हातांनी ताडपत्री धरली. धक्के थांबल्यावर त्याने खाली बोट दाखवलं.

"इथं विमान आलं होतं," तो म्हणाला.

मी त्याच्या बोटाच्या दिशेने वाकून खाली पाहिलं.

"आम्ही अगदी तळाशी होतो. वर पानंच पानं. काही दिसत नव्हतं, नुसता आवाज. जवळ आला, लांब गेला. पुन्हा जवळ आला. आचा म्हणाली, थांबा. खाली ठेवा मला. आम्ही ठेवली. तिने कान दिला आणि म्हणाली, हे आपल्याला शोधतंय."

"मग?"

"मी हसलो तिला." तो अजूनही खालीच बघत होता. "म्हटलं, ताप डोक्यात गेलाय तुझ्या. आपल्यासारख्यांना शोधायला कुणी विमान पाठवतं का? उचलली तिला आणि चाललो."

मी उठलो. त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण ठेवला नाही. पुढे जाऊन माझ्या खुर्चीत बसलो आणि पट्टा बांधला. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"तोच आहे?" त्यांनी विचारलं.

"तोच."

कारण ते विमान आमचं होतं. आणि आम्ही त्यांनाच शोधत होतो.

तीन आठवड्यांतली ती एकच खेप. सकाळी ढग फुटले म्हणून आम्ही तांदूळ घेऊन यामेंगला उतरलो, तर धावपट्टी सांभाळणारे हवालदार लिंबू पळत आले. सैन्यातून निवृत्त होऊन तिथेच स्थायिक झालेले नेपाळी गृहस्थ. म्हणाले, एक आजारी बाई आहे, कावीळ पोटात गेलीय. घरच्यांनी विमानाची खूप वाट पाहिली आणि परवा तिला घेऊन पायी निघाले. सर म्हणाले, माणसं पाठवा, परत आणा, आम्ही थांबतो. गावातली दोन पोरं धावत गेली. आम्ही पंख्याशी उभे राहून आकाश बघत राहिलो. दुपारी पोरं परत आली. नदीला पाणी चढलं होतं आणि हे लोक गेल्यानंतर वेताचा पूल वाहून गेला होता. तोवर डोंगराच्या माथ्यावर ढग उतरायला लागले होते. आणखी थांबलो असतो तर आम्हीच तिथे अडकलो असतो. निघताना सर म्हणाले, "वाटेवरून जाऊ. ऐकू तरी येईल त्यांना." खिंडीत त्यांनी विमान इतकं खाली घातलं की मी देवाचं नाव घ्यायला लागलो. आम्ही दोन चकरा मारल्या. मी डोळे फाडून पाहत होतो. खाली झाडांशिवाय काही नव्हतं.

"सांगितलंस त्याला?" सरांनी आता विचारलं.

"नाही."

"नको सांगू."

"वर पोचल्यावर गाववाले सांगतीलच ना."

"सांगतील," सर म्हणाले. "पण ते त्याचे आहेत. त्यांच्यासमोर त्याला रडता येईल. आपल्यासमोर नाही येणार."

खोरं उघडलं. भाताची खाचरं, बांबूची घरं, मध्ये हिरवी पट्टी. मागून फूसाचा आवाज आला, तो मोठ्याने ओरडून विचारत होता, "हे कुठलं गाव?"

"यामेंग," मी वळून म्हणालो.

"नाही."

"यामेंगच आहे. ती बघा तुमची शाळा."

"नाही," तो म्हणाला. "आत्ता तर निघालो."

चाकं टेकली, विमान गवतावरून धडधडत जाऊन थांबलं. सरांनी इंजिन बंद केलं. त्या शांततेत मी दार उघडलं, पण फूसा उठेना. ताडपत्रीवर हात ठेवून तसाच बसून राहिला. बाहेर पाच-पंचवीस माणसं जमली होती. विमान आलं की सगळा गावच येतो. त्यांच्यात एक म्हातारी होती, पाठीला टोपली, कपाळावरून टोपलीचा पट्टा. तिने दारातून आत डोकावलं आणि फूसाला पाहून तिचा चेहरा उजळला. ती भराभरा काहीतरी बोलायला लागली.

"कोण आहे?" मी हवालदारांना हळूच विचारलं.

"सासू त्याची." हवालदारांचं लक्ष माझ्यामागे, ताडपत्रीकडे गेलं होतं. त्यांनी टोपी काढली. "विचारतेय, इतक्यात बरी झाली? विमानाने आणलीत म्हणजे बरीच झाली असणार. चालत येईल की धरून उतरवू, म्हणतेय."

सात दिवसांच्या वाटेवरून बातमीलाही सात दिवसच लागतात. आम्ही बातमीच्या आधी पोचलो होतो.

फूसा उतरला. अनवाणी, गवतात उभा राहिला आणि त्याने सासूला दोन-तीन शब्द सांगितले. म्हातारी किंचाळली नाही. तिने कपाळावरचा पट्टा काढला, टोपली सावकाश खाली ठेवली आणि तिथेच बसली. आणि मग बोलायला लागली. एका सुरात, एकसारखी, हाताने धावपट्टी दाखवत, आकाश दाखवत, नदीकडे दाखवत, आमच्या विमानाकडे दाखवत. मला त्यांच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. कळायची गरज नव्हती. फूसाचा चेहरा मला दिसत होता.

हवालदारांनी भाषांतर केलं नाही आणि मी विचारलं नाही.

तो आमच्याकडे आला. सर पंखाखाली उभे होते, पण तो त्यांच्याकडे गेला नाही, माझ्यासमोर येऊन थांबला.

"ते तुम्ही होता?"

"हो."

"थांबला होता?"

"हो. दुपारपर्यंत. मग वरून बघत गेलो, दोन चकरा मारल्या." आणि मग मला राहवेना. "फूसा, तुम्ही परत फिरला असतात तरी पूल नव्हता. आणि पुढचे कितीतरी दिवस आम्हाला येताच आलं नाही, खिंड बंद होती. तुम्ही चालत गेलात तेच बरोबर केलंत. खरं सांगतोय. काही फरक पडला नसता."

त्याने ते सगळं ऐकून घेतलं. समजलं असावं, कारण त्याने मान हलवली. पण ते त्याला नकोच होतं. तो विमानाच्या दाराशी गेला, आत वाकला, ताडपत्रीच्या वरच्या टोकाशी तोंड नेलं आणि काहीतरी बोलला. कुणाला ऐकू जाऊ नये असं नाही, साध्या आवाजात, घरातल्या माणसाशी बोलावं तसं.

मी हवालदारांकडे पाहिलं.

ते म्हणाले, "तुझंच खरं होतं, म्हणतोय. आपल्यालाच शोधत होतं."

चार माणसांनी तिला उचललं आणि घेऊन गेले. म्हातारी मागून चालली. तिची टोपली तिथेच राहिली होती. कुणीतरी बाई परत येऊन ती घेऊन गेली.

परतताना विमान रिकामं होतं. खिंडीत सर नेहमीपेक्षा उंचावरून गेले. पाथारगुडीला उतरून शेडमध्ये आल्यावर त्यांनी चहा मागवला आणि कप पुढ्यात आल्यावर तो तसाच ठेवून ते बाहेर निघून गेले. आम्ही दोघं त्या विषयावर नंतर कधीच बोललो नाही.

त्यानंतर पुन्हा ढग आले, मग विमानाचा कुठलासा भाग बदलायचा म्हणून आम्ही गुवाहाटीला अडकलो. यामेंगला पुन्हा गेलो तेव्हा महिना उलटला होता. खिंडीतून बाहेर पडून खोऱ्यावर वळलो, तर डावीकडच्या उतारावर, जिथे एरवी कुणी नसतं, झाडं तोडून एक मोकळी जागा केलेली दिसली. तिथे एक माणूस उभा होता. दोन्ही हात वर करून हलवत होता. तोंड उघडं होतं, ओरडत असावा.

"काही झालंय का खाली?" मी सरांना म्हणालो. धावपट्टीवर गुरं वगैरे आली की गाववाले अशा खुणा करतात. पण धावपट्टी मोकळी होती.

उतरल्यावर मी हवालदारांना विचारलं.

"फूसा आहे तो," ते म्हणाले. "बायकोला तिथेच पुरलंय त्याने. गावाचं स्मशान इकडे नदीकडे आहे, सगळ्यांनी समजावलं, पण ऐकलं नाही. म्हणाला, इथून वरचं दिसतं. आता कुठल्याही विमानाचा आवाज आला की शेतातलं काम टाकून तिकडे पळतो. सैन्याची विमानं जातात उंचावरून, त्यांनाही हात करतो."

"आणि ओरडतो काय?"

"आम्ही इथे आहोत, म्हणतो."

"आम्ही?"

"हो," हवालदार म्हणाले. "आम्ही."

भाऊ बरा होऊन गावी परतला होता. सासू फूसाकडेच राहायला आली होती. तो शेत करायचा, जेवायचा, लोकांशी नीट बोलायचा. त्याला वेड लागलं असं गावात कुणी म्हणत नव्हतं. तेवढं एकच.

वर्षभरात मी निघणार होतो. एका मोठ्या कंपनीचं बोलावणंही आलं. मी गेलो नाही. वडिलांनी बार्शीहून फोनवर कारण विचारलं, तर मला सांगता येईना. तिथे आणखी चार वर्षं काढली. लिंगडोहसर निवृत्त झाल्यावर कॅप्टनची डावी खुर्ची माझी झाली. त्या चार वर्षांत खिंडीतून बाहेर पडल्यावर तो दिसला नाही असं एकदाही झालं नाही. पावसात भिजत उभा असायचा. एकदा काखेत कुबडी होती, झाडावरून पडला होता म्हणे, तरी एक हात वर होता.

मी दर वेळी त्या बाजूला वळून पंख झुकवायचो, आधी डावा, मग उजवा. खालून ते कसं दिसत होतं मला माहीत नाही. वर आम्हाला त्याचा आवाज कधीच आला नाही.